समुद्र दिसतो, पण सातबारा बघितला का? गणपतीपुळ्यात घर घेण्याआधीचा धडा



आजचा विषय थोडा वेगळा आहे. आपण नेहमी दुकान, माल, उधारी, हिशोब यावर बोलतो. पण गेली तीन-चार वर्षं माझ्या दुकानात येणारं एक तरी गिऱ्हाईक दर शनिवार-रविवारी एकच प्रश्न विचारतं. आंबापोळीचं पाकीट हातात असतं, नजर समुद्राकडे असते आणि प्रश्न येतो, "ताई, इकडे प्लॉट वगैरे काय भावाने मिळतात हो? छोटंसं घर घ्यावं म्हणतो. आपण राहायचं, दोन खोल्या होमस्टेला द्यायच्या. हप्ता आपोआप फिटेल."

"आपोआप" हा शब्द ऐकला की मला माझा स्वतःचा २०२२ चा एप्रिल आठवतो. तो आधी सांगते, मग शिकवते. व्हिडिओत कागद नीट दाखवता येत नाहीत, म्हणून हा धडा इथे लिहून देते आहे. वही-पेन घेऊन बसा.

माझी चूक: टोकनचे दोन लाख

माझं माहेर कोल्हापूर. बीबीए तिथलंच. लग्न होऊन गणपतीपुळ्यात आले आणि सासरच्या कोकम-काजूच्या छोट्या दुकानाला हात लावला. कोविडनंतर गर्दी वाढली, दोन सीझन चांगले गेले, गल्ल्यात पैसा दिसायला लागला. तेवढ्यात एका एजंटने सड्यावरचा पाच गुंठ्यांचा प्लॉट दाखवला. संध्याकाळची वेळ, समोर सगळा समुद्र, खाली माडांची रांग. यजमान आणि मी, दोघंही गप्प. एजंट हळूच म्हणाला, "वहिनी, पुण्याची पार्टी उद्या येतेय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन लाख टोकन दिलं. इसारपावती नाही, फक्त त्याच्या वहीत नोंद आणि फोनवर एक मेसेज.

मग सातबारा काढला. अकरा नावं! त्यातली दोन माणसं वारलेली, वारस लागलेले नाहीत. चौघं मुंबईला, एक परदेशात. एजंट ज्यांच्याशी बोलला होता ते फक्त एक हिस्सेदार. सात महिने फेऱ्या मारून सव्वा लाख परत मिळाले. पाऊण लाख गेले ते गेलेच.

पण खरं नुकसान ते नव्हतं. ते दोन लाख होते कोकम आणि काजूबीच्या खरेदीचे. आमच्या धंद्यात वर्षभराचा माल मार्च ते मे या तीन महिन्यांत भरायचा असतो. काजूबी तेव्हाच येते, रातांबे पाऊस पडायच्या आत घ्यावे लागतात, आंबापोळीही उन्हातच घालावी लागते. त्या वर्षी हात आखडला. डिसेंबरमध्ये, ऐन नाताळच्या गर्दीत, आमसुलाची बरणी रिकामी. मग दुसऱ्याकडून चढ्या भावाने माल आणून जेमतेम नफ्यावर विकला.

बीबीएला स्थिर भांडवल आणि खेळतं भांडवल यावर मी पानंच्या पानं लिहिली होती. मार्कही चांगले पडले होते. पण समुद्र दिसल्यावर सगळं विसरले.

म्हणून धडा क्रमांक एक: धंद्याच्या खेळत्या पैशातून घराचं टोकन द्यायचं नाही. एक रुपयाही नाही. घराचा पैसा वेगळ्या खात्यात साठवा. तिथे पुरेसा जमला नसेल तर समजा, अजून वेळ आली नाही.

जागा कशी असते ते आधी समजून घ्या

गणपतीपुळे, मालगुंड, भंडारपुळे, नेवरे, आरे-वारे हा सगळा पट्टा रत्नागिरीपासून साधारण पंचवीस किलोमीटरच्या आत येतो. विकायला येणाऱ्या जागा ढोबळमानाने तीन प्रकारच्या.

पहिली किनाऱ्यालगतची. दिसायला सगळ्यात देखणी आणि कायद्याने सगळ्यात अवघड.

दुसरी सड्यावरची. सडा म्हणजे वरचं जांभ्या दगडाचं पठार. इथून समुद्र मस्त दिसतो, म्हणून बहुतेक "सी-व्ह्यू प्लॉट" इथलेच. पण वारा अंगावर, झाड नाही, आणि जांभ्यातून पाणी खाली झिरपून जातं. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात मे महिन्यात टँकर येतात, ते याच कारणाने.

तिसरी वाडीतली. माड-पोफळीच्या आड, विहिरीजवळ, पाखाडीने जायचं. समुद्र दिसत नाही, पण गाज ऐकू येते.

माझ्या सासूबाई प्लॉटची गोष्ट ऐकून एवढंच म्हणाल्या होत्या, "अगो, आपली सगळी जुनी घरं माडांच्या आड का, ते कधी मनात आलं नाही तुझ्या? समुद्र काय आम्हाला दिसत नव्हता?"

खरंच आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आमच्याच जिल्ह्यात दापोली-मंडणगडकडे काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर वर गेलं. वाऱ्याच्या तोंडावरचं घर आणि झाडांच्या आडचं घर यातला फरक त्या दोन वर्षांत कळला.

कागद: या क्रमाने बघा

हा भाग लिहून घ्या. क्रम बदलू नका, कारण पहिल्या पायरीवर जागा नापास झाली तर पुढचा खर्च वाचतो.

*१. सातबारा आणि ८-अ.* महाभूलेखच्या संकेतस्थळावर गट नंबर टाकून स्वतः बघा. एजंटने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. भोगवटादार किती, त्यांची नावं, आणि "इतर हक्क" हा रकाना. कोकणात सामाईक जमिनी फार. एक भाऊ गावात, बाकीचे मुंबईत. प्रत्येक हिस्सेदाराची सही किंवा नोंदणी केलेलं कुलमुखत्यारपत्र लागतं. "ते काका काही बोलणार नाहीत" हा कागद नाही. इतर हक्कात कुळाचं नाव किंवा कूळकायदा कलम ४३ चा शेरा असेल तर तिथेच थांबा आणि वकिलाला दाखवा.

*२. फेरफार.* जमीन आजच्या मालकाकडे कशी आली? वारसाने, खरेदीने की वाटणीने? जुने फेरफार वाचताना कंटाळा येतो, पण भांडणं तिथेच लपलेली असतात.

*३. शेतजमीन की बिनशेती?* महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर खरेदीदार शेतकरी असावा लागतो, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. शहरातल्या अनेकांची गाडी इथे अडते. मग कोणीतरी सुचवतं, "गावातल्या माणसाच्या नावावर घेऊन ठेवा." असलं काही करू नका. तो बेनामी व्यवहार होतो, आणि तो गुन्हा आहे. शिवाय कागदावर मालक तो, तुम्ही नाही. बिनशेतीचे आणि तुकडेबंदीचे नियम अलीकडे बदलत आहेत, म्हणून व्यवहाराच्या दिवशी काय लागू आहे हे तहसील कार्यालयात विचारूनच पुढे जा.

*४. सीआरझेड.* किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ पासून आहेत, मग २०११ आणि २०१९ ला नवी अधिसूचना आली. भरतीच्या सर्वोच्च रेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जमीन नियमांखाली येते. ग्रामीण भागात २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे दोन गट आहेत. जिथे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती, तिथे पहिले ५० मीटर ना-विकास क्षेत्र. बाकी ठिकाणी २०० मीटर. खाडीकाठालाही वेगळे नियम आहेत, म्हणजे "समुद्र लांब आहे हो" म्हणून सुटका नाही. गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना घरासाठी काही सवलती आहेत. बाहेरून येऊन जागा घेणाऱ्याला त्या आपोआप मिळत नाहीत. आपला गट नंबर मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर कुठे पडतो, हे लेखी घ्या.

*५. रस्ता आणि मोजणी.* जागेपर्यंतचा रस्ता सातबारावर किंवा नकाशावर आहे का? की शेजाऱ्याच्या आंब्याच्या बागेतून "चालत आलेली वहिवाट" आहे? आज पायवाट मिळते, उद्या चिऱ्यांचा ट्रक अडवला जातो. भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्या. गडगा जिथे आहे तिथेच हद्द असते असं नाही. बागेत कलमं असतील तर ती कोणाला कराराने दिलीत का, तेही विचारा.

*६. बांधलेलं घर किंवा फ्लॅट असेल तर* बांधकाम परवानगी आणि मंजूर नकाशा मागा. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती आणि नमुना ८ म्हणजे कर भरल्याचा पुरावा. मालकीचा नाही आणि बांधकाम कायदेशीर असल्याचाही नाही. आठपेक्षा जास्त सदनिका किंवा प्लॉट असलेल्या प्रकल्पाला साधारणपणे महारेराची नोंदणी लागते. तो नंबर महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा.

*७. वकिलाचा शोध अहवाल.* तीस वर्षांचा. आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. फी जाते, पण माझ्या पाऊण लाखापेक्षा खूप कमी जाते.

कोणी म्हणेल, एवढं कोण बघतं? सगळेच बांधतायत की. त्यांना मरडूची गोष्ट सांगा. केरळमध्ये कोचीजवळ मरडू इथे पाण्याच्या काठावर फ्लॅटच्या टोलेजंग इमारती उभ्या होत्या. लोकांनी कर्ज काढून घरं घेतली, राहायला आले, कर भरत होते. सीआरझेडचा भंग झाला म्हणून मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. ११ आणि १२ जानेवारी २०२० ला चार प्रकल्पांच्या इमारती स्फोटकं लावून पाडल्या. तीनशेहून जास्त फ्लॅट काही सेकंदांत जमीनदोस्त झाले. न्यायालयाने प्रत्येक फ्लॅटमागे २५ लाखांची अंतरिम भरपाई ठरवली, पण घर गेलंच. त्यातल्या बहुतेकांनी फसवायचं म्हणून घर घेतलं नव्हतं. कागद दुसऱ्याने बघितला असेल, असं प्रत्येकाला वाटलं होतं.

हिशोब: हप्ता "आपोआप" फिटतो का?

आता येऊ माझ्या आवडत्या भागाकडे. खालचे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत. तुमचे आकडे तुम्ही घाला, पण रीत हीच ठेवा.

घर ४० लाखांचं. स्वतःचे १० लाख, कर्ज ३० लाख. व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता साधारण २७,००० रुपये. वर्षाचे ३ लाख २४ हजार.

दोन खोल्या होमस्टेला. एका रात्रीचे २,००० रुपये. आता प्रश्न, वर्षात किती रात्री भरतील? नवीन माणूस म्हणतो, दोनशे. मी म्हणते, कॅलेंडर काढा. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नववर्ष, मे महिना, सलग सुट्ट्या, अंगारकी, आणि इतर शनिवार-रविवार. जून ते सप्टेंबर पाऊस. तेव्हा समुद्रात उतरणं धोक्याचं आणि गिऱ्हाईक तुरळक. पहिल्या वर्षी दोन्ही खोल्या ९० रात्री भरल्या तरी मी चांगलं म्हणेन.

९० रात्री × २ खोल्या × २,००० = ३ लाख ६० हजार.

त्यातून चादरी-धुलाई, साफसफाईची बाई, वीज, बुकिंग साइटचं कमिशन, नाश्ता, दुरुस्ती. ४० टक्के धरा, म्हणजे १ लाख ४४ हजार.

उरले २ लाख १६ हजार. हप्ते ३ लाख २४ हजार. तूट १ लाख ८ हजार. म्हणजे बरोबर चार हप्ते. पावसाळ्याचे चार महिने तुम्ही खिशातून भरताय असं समजा.

तूट शून्यावर आणायला किती रात्री लागतील? ३ लाख २४ हजार भागिले ०.६, म्हणजे ५ लाख ४० हजारांचा धंदा. म्हणजे दोन्ही खोल्या १३५ रात्री भरायला हव्यात. जमेल का? जमेल, पण तिसऱ्या-चौथ्या वर्षी, जुनी गिऱ्हाइकं परत यायला लागली की. तोपर्यंतची तूट तुमच्याकडे बाजूला आहे का, एवढाच प्रश्न.

होमस्टे करायचाच असेल तर पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा, खाणं देणार असाल तर अन्न परवाना घ्या. वीज मीटर घरगुती चालेल की व्यापारी लागेल, हे महावितरणच्या कार्यालयात लेखी विचारा. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म भरावा लागतो, हेही लक्षात ठेवा.

जुलैत राहून बघा

माझा सगळ्यात स्वस्त सल्ला. घर घेण्याआधी जुलैमध्ये इथे एक महिना भाड्याने राहा. डिसेंबरमध्ये गणपतीपुळे सगळ्यांनाच आवडतं.

जुलैमध्ये कळेल की कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. खाऱ्या हवेने खिडकीचे गज, फ्रिजची मागची बाजू, स्कूटरची चेन, सगळं गंजतं. रंग आणि दुरुस्ती हा दरवर्षीचा खर्च. मोठ्या दवाखान्यासाठी रत्नागिरी गाठायची, आरे-वारेच्या घाटातून, धो-धो पावसात. आणि मग एखाद्या अंगारकीला येऊन बघा, घरातून गाडी बाहेर काढायला किती वेळ लागतो ते.

हे सगळं बघूनही वाटलं की इथेच राहायचं, तर नक्की या. कारण दुसरी बाजूही खरी आहे. सकाळची आरती ऐकत दुकान उघडणं, गावातल्या प्रत्येकाला नावाने ओळखणं, अडीअडचणीला वाडीने धावून येणं, हे मला शहरात मिळालं नसतं.

आणखी एक सावधानता. "रस्ता होतोय, भाव दुप्पट होणार" हे ऐकून भाव देऊ नका. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ पासून आपण सगळे बघतोय. आजचा रस्ता, आजचं पाणी, आजची गर्दी यावर आजची किंमत ठरवा. उद्याचा रस्ता उद्या झाला तर तो बोनस.

आम्ही शेवटी काय केलं

दोन वर्षं थांबलो. घराचं वेगळं खातं उघडलं, दर सीझनला त्यात ठरलेली रक्कम टाकली. २०२४ मध्ये मालगुंडच्या बाजूला एका वाडीत जुनं चिऱ्याचं घर मिळालं. एकच मालक, एकच नाव, स्वच्छ सातबारा, मेमध्येही पाणी असलेली विहीर, दारापर्यंत कागदावरचा रस्ता. समुद्र दिसत नाही. सड्यावरच्या त्या प्लॉटपेक्षा बरंच स्वस्त पडलं, आणि त्या वर्षी कोकमाची खरेदी पूर्ण झाली.

समुद्र बघायला मी रोज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर चालत जाते. फुकट आहे.

पाहुणा दोन दिवसांसाठी येतो, त्याला खिडकीतून समुद्र हवा. तो त्याचे पैसे देतो आणि जातो. तुम्ही तीनशे पासष्ट दिवस राहणार. तुम्हाला पाणी, रस्ता, स्वच्छ कागद आणि चालता धंदा हवा. या दोन गरजांची गल्लत केली की आपण राहायच्या घरासाठी पाहुण्याचा भाव मोजतो.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या धंद्याला वर्षातल्या कोणत्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त खेळतं भांडवल लागतं? रक्कम लिहा. ती घरासाठी "नाही" म्हणून खोडून टाका.

२. मनात असलेल्या एका जागेचा गट नंबर मिळवा आणि सातबारा स्वतः काढा. नावं मोजा.

३. वरचा होमस्टेचा हिशोब तुमच्या आकड्यांनी करा, पण रात्री तुमच्या अंदाजाच्या निम्म्या धरा. तरीही झेपत असेल तर पुढच्या पायरीवर जा.

पुढच्या व्हिडिओत इसारपावती कशी लिहायची, त्यात कोणती कलमं हवीतच, ते नमुन्यासह सांगणार आहे. तोपर्यंत कोणी कितीही म्हणालं की "उद्या दुसरी पार्टी येतेय", तर हसून सांगा, "येऊ दे. मी आधी सातबारा बघते."

भेटूया!